पाठ!

६ जानेवारी १९८६, सोमवार

काउकोने मला नव्या वर्षाची भेट म्हणून एक पोर दिलं आहे. इल्पो नेवाला, वय एकोणीस, उत्तरेकडच्या कुठल्याशा वाडीवरचा, जिथे माणसांपेक्षा रेनडिअर जास्त. आमच्या आइस हॉकीच्या कुमार संघात बचावपटू आहे. मोठ्या संघातला एक बचावपटू गुडघ्याने कायमचा गेला, त्याच्या जागी मार्चमध्ये कुणाशी तरी करार करायचा आहे. काउको मुख्य प्रशिक्षक, पण नकार माझ्या तोंडून हवा. "तू बघ आणि सांग, मोठ्या माणसांत खेळायला तयार आहे की नाही. तू नाही म्हणालास तर त्याला परत वाडीवर पाठवू," म्हणाला. म्हणजे पोर रडलं तर ते माझ्या नावाने रडेल.

हरकत नाही. सारिलाम्पीच्या या संघात मी केस पिकेपर्यंत डावीकडून बचाव केला, पुढचे दात बर्फाला वाहिले. हल्लीच्या पोरांकडे केस आहेत, दात आहेत, फक्त अक्कल नाही.

दुपारभर टीव्हीवर स्कीच्या उड्या पाहिल्या. उडी मारणाऱ्याला जोडीदार लागत नाही. सुखी जमात.

१४ जानेवारी, मंगळवार

पाहिलं. अंगाने बरा आहे, बर्फावर मांजरासारखा चालतो, चकती त्याच्या काठीला चिकटून राहते. एवढं मी कबूल करतो, कारण एवढं आंधळ्यालाही दिसेल.

आता बाकीचं. पोर डावखुरं आहे आणि उजवीकडे खेळतं! डावखुरा बचावपटू डावीकडे, उजवा उजवीकडे. ही काही मी काढलेली शक्कल नव्हे, बाप-आजे असेच खेळले. उजवीकडे राहिलं की डावखुऱ्याची काठी कठड्याकडे नसून मैदानाच्या मध्याकडे येते, चकती कठड्याला घासत आली की उलट्या बाजूने घ्यावी लागते. त्याला विचारलं तर म्हणतो, सवय आहे. नाक उलट्या हाताने पुसायचीही सवय असते, म्हणून काय कुणी तिला कसब म्हणतं?

दुसरं. चकती आपल्या गोलामागच्या कोपऱ्यात गेली की बचावपटूला सगळ्या जगाकडे पाठ करून तिच्यामागे धावावं लागतं. मागून अंगावर कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ते जोडीदार बघतो आणि ओरडतो, "पाठ!" मग हा कठड्याला चिकटतो, खांदा देतो, वाचतो. आमचा सगळा धंदा या एका शब्दावर उभा आहे. हा पोरगा मात्र शब्दावर विसंबत नाही. कोपऱ्याकडे धावताना मान वळवून मागे बघतो, पुन्हा बघतो. मला वाटतं घाबरतो. भित्र्या माणसाची मान फार फिरते.

१९ जानेवारी, रविवार

कुमार संघाच्या सामन्यानंतर त्याला गाडीतून परत आणलं. दार उघडून सरळ मागच्या सीटवर बसायला निघाला. मी काय टॅक्सीवाला आहे? पुढे, माझ्या उजवीकडे बसवलं. मग सबंध रस्ताभर मी त्याला त्याच्या चुका सांगितल्या, एकेक, प्रेमाने नव्हे पण मन लावून. सुरुवातीला तो खिडकीबाहेर बघत होता, तिकडे बर्फ आणि अंधाराखेरीज काही नव्हतं. माझा आवाज चढल्यावर अख्खं धड वळवून माझ्या तोंडाकडे टक लावून बसला. मी गाडी चालवतोय आणि हा माझ्या ओठांकडे असा बघतोय जसा मी मासा खाऊन तोंड पुसायचं विसरलोय. उत्तर म्हणून "हो", "बरं", आणि एकदा भलत्याच जागी "धन्यवाद".

एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं, अशी पिढी आहे ही. याला तर सोडायलाही दुसरा कान नसावा.

२३ जानेवारी, गुरुवार

संघाची सौना, तापल्या दगडांची वाफ. इल्पोची तिथेही ठरलेली जागा आहे: वरच्या बाकाचं डावं टोक, डावा खांदा भिंतीला. दुसरं कुणी तिथे बसलेलं असलं की हा दारात घुटमळतो, जागा रिकामी व्हायची वाट बघतो. वाडीवरचा राजा. म्हणून आज मुद्दाम मी आधी जाऊन त्या कोपऱ्यात बसलो. त्याला माझ्या उजवीकडे बसावं लागलं, चेहरा असा केला जसा मी त्याच्या बापाची जमीन घेतली.

सौनेत भांडू नये असा आपल्याकडे नियम आहे, म्हणून मी शांतपणे समजावलं. म्हटलं, डावीकडे खेळायला लाग, मोठ्या संघात हान्नु सोर्सा उजवीकडे आहे आणि तो तुझ्यासाठी जागा बदलणार नाही. माझ्या तरुणपणाचे दाखले दिले. घाम गाळून सांगितलं, अक्षरशः. सगळं संपल्यावर तो पुढे वाकला, दगडांकडे बघितलं आणि म्हणाला, "अजून पाणी टाकू का?"

हान्नु खालच्या बाकावर हसून हसून वेडा झाला. पालथ्या घड्यावर पाणी, तापल्या दगडांवर पाणी.

२ फेब्रुवारी, रविवार

सिर्क्काने त्याला कॉफीला बोलवा म्हणून टुमणं लावलं होतं. बायकोला वाटतं, पोरं घरच्या बिस्किटांनी सुधारतात. आला, बूट दारात नीट जोडून ठेवले, हे बरं केलं.

टेबलाशी सिर्क्काने त्याच्या बाजूला उभं राहून विचारलं, साखर किती? हा ढिम्म. पुन्हा विचारलं, ढिम्म. मी म्हटलं, अरे, घरच्या बाईला तरी उत्तर दे. तेवढ्यात ही किटली घेऊन टेबलाला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. लगेच हसून म्हणाला, "दोन चमचे." मग सिर्क्काने माझी खुर्ची हलवायला लावली. माझ्या घरात, माझी खुर्ची! म्हणे इथून बोल त्याच्याशी. लाडाने पोरं बिघडतात ती अशी.

पुढे मात्र तो बोलला, थोडंफार. वाडीवर रिंक नाही, बापाने तळ्यावरचा बर्फ झाडून दिला, दोघेच खेळत. बापाला वाटतं करार झाला म्हणजे सगळ्या गावाचा झाला. तिथल्या दुकानात म्हणे याचा वर्तमानपत्रातला फोटो लावलाय. दुकानात. सॉसेजच्या शेजारी.

तो गेल्यावर सिर्क्का भांडी घासता घासता त्याच्याबद्दल काहीतरी म्हणत होती. बातम्या लागल्या होत्या. मी "हं" म्हटलं. तिला हळू बोलणं जमत नाही. बाप लाकडाच्या आरागिरणीत, घरात सगळे आयुष्यभर ओरडून बोलले, त्यामुळे मी तिचं अर्धंच ऐकतो आणि तेवढं पुरतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घसरगुंड्यांचा सण. वाटाण्याचं सूप, मलईचे बन, टेकडीवरून किंचाळत घसरणारी पोरं. काउकोही आला होता, मिशीला मलई. तो पोरावर फिदा झालाय. म्हणतो, चकती इतकी शांतपणे बाहेर काढणारा पोरगा पाच वर्षांत पाहिला नाही. मी म्हटलं, शांत गायीही असतात.

मग स्पष्ट सांगितलं: रविवारच्या सामन्यात त्याला मोठ्या संघात उतरव, पण डावीकडे, हान्नुच्या जोडीला. तिथे टिकला तर मी "तयार" लिहीन, करार करा. नाही टिकला तर बस पकडून वाडीवर. उजवीकडे खेळणाऱ्या डावखुऱ्याला मोठी माणसं कठड्याला चुरडून खातील. काउको कचरला, पण शेवटी मान डोलावली. त्याची मान डोलवायला फार जोर लागत नाही.

जेवताना सिर्क्काला बटाट्यांनी दाखवलं. हा बटाटा इल्पो, हा हान्नु, काटा म्हणजे काठी. का डावखुरा डावीकडेच हवा ते सगळं. तिने बटाट्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा तेच त्या पोराचं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, सिर्क्का, तू हॉकीत पडू नकोस. हान्नुवाला बटाटा मी खाऊन टाकला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सरावानंतर पोरगा माझ्यामागे वाहनतळापर्यंत आला. टोपी हातात, कान थंडीने लाल. समोर उभा राहून म्हणाला, "मला उजवीकडेच खेळू द्या. एवढंच मागतो."

मी विचारलं, "का?"

"तिथं मला बरं पडतं."

"बरं वाटायचं असेल तर पाळण्यात झोप. कारण सांग. काही दुखणंबिखणं असेल तर आत्ताच सांग, तसं कागदावर लिहितो, आणि तू उद्याच घरी जा. आजारी माणसाशी संघ करार करत नाही."

तोंड उघडलं त्याने. मला वाटलं आता रडगाणं. पण तोंड मिटलं, माझ्या गाडीकडे बघितलं, म्हणाला, "काही नाही. खेळतो डावीकडे."

बघा. जरा दम दिला की सगळी नाटकं संपतात. पण एक गोष्ट मला आवडली नाही: त्याने दाखवलेली ती शांतता. भित्रा पोरगा असा शांत नसतो. मग हा आहे तरी कोण?

१६ फेब्रुवारी, रविवार

निकाल लागला.

रौतावाराविरुद्ध सामना, रिंक भरलेली, सॉसेज आणि ओल्या लोकरीचा वास. पहिली वीस मिनिटं पोरगा कसाबसा तरला. मान तर अशी फिरत होती, छपरावरचा वारा दाखवणारा कोंबडा परवडला. मग चकती आमच्या डाव्या कोपऱ्यात गेली, तो तिच्यामागे गेला, आणि त्यांचा तो बैलासारखा पुढचा खेळाडू त्याच्या पाठीवर निघाला. हान्नु ओरडला, "पाठ!" मी सर्वांत वरच्या रांगेत बसलो होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. पुन्हा ओरडला, "पाठ!" तिकीट फाडणाऱ्या बाईलाही ऐकू गेलं असेल. इल्पोने या वेळी मान वळवली नव्हती. मीच आठवडाभर ओरडत होतो की मान वळवू नकोस, जोडीदाराचं ऐक. तो चकती घेऊन सरळ त्या माणसाच्या छातीत वळला.

आवाज असा झाला की वरच्या रांगेतले लोकही उभे राहिले. गळ्याचं हाड मोडलं, दातही गेले. स्ट्रेचरवरून नेताना त्याने हात वर केला, कुणासाठी कोण जाणे.

कपडे बदलायच्या खोलीत हान्नु भिंतीला टेकून बसला होता, काठी अजून हातात. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणत होता, "मी दोनदा ओरडलो, ताइस्तो. दोनदा ओरडलो."

मी म्हटलं, मला माहीत आहे. तुझा दोष नाही. जो ऐकत नाही त्याला कोण सांगणार?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दवाखान्यात गेलो. अशा गोष्टी फोनवर सांगणाऱ्यांतला मी नाही. तोंडावर सांगतो.

त्याची खाट भिंतीला लागून होती, भिंत त्याच्या उजव्या हाताला. मी खुर्ची ओढून खाटेशी बसलो. चेहरा सुजलेला, नजर छताला, हात बांधलेला. मी जास्त पाल्हाळ लावला नाही. म्हटलं, इल्पो, मी "तयार नाही" लिहिलंय. तू वाईट खेळाडू नाहीस, पण तू ऐकत नाहीस, आणि न ऐकणारा बचावपटू एक दिवस कुणाचा तरी जीव घेतो, बहुधा स्वतःचा. काउको करार करणार नाही. वाडीवर जा, बापाला मदत कर. तुझ्या वयात मलाही कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हटलं, हे खरं नसलं तरी.

तो छताकडेच बघत होता. डोळ्याची पापणी हलली नाही. एवढा अहंकार! की फुगून बसला होता? मी उठलो, खुर्ची सरकवली, तेव्हा त्याने मान वळवली आणि दचकला. सुजल्या ओठांनी हसायचा प्रयत्न केला.

"अरे, तुम्ही? कधी आलात?"

मी तिथे उभा राहिलो. पुन्हा सगळं सांगावं असं एकदा वाटलं. पण दोनदा सांगण्यासारखं ते नव्हतं. औषधांची गुंगी असणार. "आत्ताच," म्हटलं. "बरा हो."

जिन्यावरून एक मजला चुकून जास्त उतरलो. थंडीने होतं असं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कागद काउकोला दिला. त्याने वाचला, घडी घातली, माझ्याकडे बघितलं नाही. पोराला कोण कळवणार, असं त्याने विचारलं; मी म्हटलं, मी सांगितलंय. खोटं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

इतके महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज रौतावाराला गेलो होतो. आम्ही हरलो.

आणि त्यांच्याकडून, उजवीकडे, इल्पो नेवाला! वाडीवरून त्यांनी त्याला उचलून आणला, म्हणे उन्हाळ्यात बापलेकाला बोलावून एक दिवस नुसती चौकशी केली. रौतावारावाले कुठलाही भंगार माल घेतात, मी मनात म्हटलं. पण पोरगा खेळला. कोपऱ्यात जायचा, चकती उचलायचा आणि अशी बाहेर काढायचा की आमचे पुढचे खेळाडू हवेला धडका देत राहायचे. एकदाही कुणाच्या हाती लागला नाही.

त्यांची एक पद्धत मात्र हास्यास्पद. मैदानाच्या मध्यावर असताना याचा जोडीदार, जाड मानेचा गडी, ओरडायचं सोडून काठीने बर्फ बडवतो. ठक ठक. गोलरक्षकही बडवतो. अख्खा संघ सुतारकाम करतोय. आमच्या काळी तोंडं होती माणसांना.

सामना संपल्यावर पोरगा मला दारात दिसला. मी मान फिरवणार होतो, पण तो आलाच. आधी माझ्याभोवती अर्धा वळसा घालून उजवा खांदा माझ्याकडे करून उभा राहिला. ती खोड आहेच अजून. दात नवे बसवलेत. नीट नमस्कार केला, सिर्क्काची चौकशी केली, बिस्किटांची आठवण काढली.

मग म्हणाला, "तेव्हा दवाखान्यात तुम्ही बराच वेळ बसला होता, असं नंतर नर्सनं सांगितलं. काहीतरी बोलत होता म्हणे. मला कळलं नाही. करार नाही ते मला पेपरात कळलं. तुम्ही काय म्हणाला होता?"

लोक आजूबाजूने जात होते. कुणाच्या तरी पोराने सॉसेज खाली पाडलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बरा हो म्हटलं."

"तेवढ्यासाठी आलात. आभारी आहे," म्हणाला तो. आणि त्याने मनापासून म्हटलं, हेच वाईट.

घरी आलो. सिर्क्काने बटाटे आणि तळलेली मासोळी वाढली. तिला हसवायला म्हणून ती ठक ठक सांगितली, चमच्याने टेबलावर वाजवूनही दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, "शहाणे आहेत ते. ठोका बर्फातून पायाला कळत असेल. बाबांना आम्ही जमिनीवर पाय आपटूनच हाक मारायचो."

"म्हणजे?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला, ताइस्तो. अजिबात."

मी काटा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. एक बटाटा इल्पो, एक हान्नु. इल्पोला उजवीकडे ठेवला. त्याला मागे वळवला, कोपऱ्याकडे तोंड केलं. हान्नु त्याच्या उजव्या कानाला आला. मग इल्पोला डावीकडे ठेवला, जिथे मी ठेवला होता, आणि मागे वळवला. हान्नु डाव्या कानाला गेला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच गेला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

सिर्क्का माझ्या ताटाकडे बघत होती, त्या दोन बटाट्यांकडे. या वेळी ती अगदी हळू बोलली, आणि तरी प्रत्येक शब्द ऐकू आला.

"सांगितलं होतं. दोनदा."

"हं," मी म्हणालो.